बाईची एक बेल

बाई गेली तेव्हा हेमूला कळवायचं काम माझ्यावर आलं. गोंदियाच्या दवाखान्यात माझ्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून तिच्या पिशवीतला तिचाच बटणांचा फोन काढला आणि बंगळूरला लावला. त्याने उचलला, पण "बाई" म्हणालाच नाही. सरळ म्हणाला, "ताई, काय झालं?" मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. बाईच्या नंबरची बेल एकदा वाजून थांबली नाही, एवढ्यावरून तो काय ते समजला होता...

सुमित्राबाई माझी थोरली जाऊ. आमगावच्या घरात आम्ही एका स्वयंपाकघरात नांदलो, भांडलो, आणि भांडणं बहुतेक तीच जिंकली. हेमू तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून सालेकशाकडच्या माहेरून बाई त्याला सोबत घेऊनच नांदायला आली. सासरी कुणी नाक मुरडलं असेल, तर तिने ते बघितलं नाही. १९९९ साली तो इंजिनिअरिंगला नागपूरला गेला. पोचल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात त्याचा फोन आला, बाई हात पुसत धावली, तर हा पलीकडून नुसता रडतोय. घरी येऊन तिलाही घास उतरेना. पुढच्या खेपेला तिने स्टेशनवरच बजावलं, "पोचला की एक बेल दे अन् ठेव. बोलू नको. तुले रडू येते अन् मग माझा सैपाक बिघडते." तेव्हापासून तोच कायदा. पुढे घरात फोन आला, मोबाइल आले, बोलणं फुकट झालं, पण हेमू कुठेही पोचला की एक बेल. बाई कुठे गेली की तिचीही त्याला तशीच एक. मी सवयीने उचलायला गेले की ती चुलीपासून ओरडायची, "उचलू नको वो, पोचला तो."

बेल वाजतच राहिली तर काहीतरी बिनसलं, असा त्याचा दुसरा अर्थ. तशी ती एकदा वाजत राहिली. हेमू तोवर अंतराळयानांच्या कामात शिरला होता. एका उड्डाणात त्याच्या हातचं काम होतं, आणि ते रॉकेट समुद्रात पडलं. नंतर तो सुटी काढून इथे आला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बोलेना, जेवेना. बाई ताट घेऊन शेजारी बसायची आणि तसंच परत आणायची. जाताना म्हणाला, आता मंगळाकडे यान जाणार आहे, देशाचं पहिलंच. तेही हातचं गेलं तर सगळं सोडून येतो, इथे शेतात धानाचा रोवणा करतो. "चिखलात उभा राहता येते का तुले?" बाई म्हणाली. पण हसली नाही. मला मागाहून म्हणाली, "यान पडलं तं पडू दे. पोरगा आता पडला तं उठनार नाही." तिची भीती ही एवढीच होती. मंगळाशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

यान उडालं ते नेमकं भाऊबीजेला, २०१३ साली. बाई सकाळपासून उपाशी, ताट मांडून बसलेली. शेजारीण म्हणाली, भाऊ नाही आला तर चंद्राला ओवाळून घे. बाई तडकली, "ज्याईले भाऊ नाही ते ओवाळतेत चंद्राले." दुपारी फोन एकदा वाजून थांबला. तेव्हा कुठे तिने पाणी घेतलं. त्यानंतरचे महिने मात्र जीव खाणारे होते. धान कापून झालं, उन्हाळा गेला, पुन्हा रोवणे झाले, आणि बाई मला विचारायची, "पोचलं का?" मी म्हणायची, "नाही, जाऊनच राहिलं."

ती सकाळ पितृपक्षातल्या अमावास्येची. "आजच कायले ठेवलं यायनं," असं पुटपुटत बाई वडे तळायला बसली. महिनोन् महिने झोपलेलं इंजिन आज पेटायचं होतं, आणि ते पेटलेलं असतानाच यान मंगळाच्या मागे जाणार होतं, जिथून काही कळतच नाही. मी टीव्हीसमोर. यान मागे गेलं, सांगणारा माणूस गप्प झाला... आणि आमगावची लाइट गेली. थोरले भाऊजी, म्हणजे बाईचे मालक, अंगणातून आत येऊन दारात उभे राहिले. आम्ही तिघंही डब्यावर ठेवलेल्या फोनकडे बघत होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तो वाजला. एक बेल. बाईने डोळे मिटले. आणि दुसरी बेल वाजली. मग तिसरी... बाईच्या हातातला झारा तसाच राहिला, कढईत वडे काळे पडले. "नको उचलू," ती म्हणाली, पण आवाज तिचा नव्हता. मी झडप घालून उचलला. पलीकडे रडणं. मग शब्द आले, "ताई... पोचलं. बाईले दे."

बाईने फोन कानाला लावला. "मग बेल कायले वाजवत बसला रे गाढवा? जीव गेला ना माझा." आनंदात तो कायदाच विसरला होता. ती त्याला मनसोक्त रागावली, फोन ठेवला आणि पदर तोंडावर घेऊन रडली. कावळ्यांनी त्या वर्षी जळके वडे खाल्ले.

तेरवी आटोपून हेमू परवा परत गेला. बाईचा फोन मी डब्यावरच ठेवला आहे, चार्ज करते, का ते मला विचारू नका. काल भाजी चिरत होते, आणि तो वाजला. मी विळीवरून उठले, हात पुढे केला.

"उचलू नको," दारातून भाऊजी म्हणाले. घरच्या रीतीप्रमाणे एरवी ते माझ्याशी बोलत नाहीत.

बेल थांबली होती.

"पोचला तो."