मेंढरांत राखलेली गाडी

आमच्या दाजींना, म्हंजी बिराप्पाला, राखण सोडून दुसरं कायबी येत न्हाई. सारा जन्म मेंढरामागं गेला. त्येंच्या पोरानं, राजवर्धननं, मुंबईत जुनी कार घेतली आन् तिथं लावाय जागा न्हाई म्हणून गावाकडं, माणात आणून दारात उभी केली. "आबा, ध्यान ठेवा. दिवाळीला आलो की आयेला गाडीतनं म्हसवडला सिद्धनाथाला नेतो."

आमची बयाक्का, म्हंजी माझी भन, त्या एका बोलावर वरीसभर हवेत! गुडघं गेल्यात तिचं, यष्टीची पायरी चढवत न्हाई. देवाचं तोंड बघून किती साल झाली तिलाच ठावं.

दाजींनी राखण केली ती आपल्या रीतीनं. रोज राती कळप गाडीभवतीच बसवायचा. चोर आला की मेंढरं उठत्यात, ह्ये त्येंचं शास्त्र. आवं, पण मेंढराचं मूत वावराला सोनं आन् लोखंडाला काळ! दिवाळीला पोरगं आलं, गाडी चालू केली, तर ती जाग्यावरनं हलंना.

"आबा, काय करून ठेवलंय हे?" साऱ्या आळीदेखत वरडला.

मी टेम्पो चालवतो, म्हणून निस्तरायला मी. पुढची चाकं काढली. आत ब्रेकची डिस्क, ताटलीएवढी, गंजून ब्रेकात आवळलेली आन् मागं चाकाच्या बुंध्याला, हबला, चिकटून बसलेली. राजवर्धन खुर्चीत बसून मोबाईलवर व्हिडिओ बघतोय आन् आमाला शिकवतोय, "मामा, हळू मारा." आरं, ये की मग खाली! डिझेल वतलं, हातोड्यानं ठोकलं, दाजींची बोटं सोलपटली. शेवटाला डिस्कच्या दोन भोकात बोल्ट घातलं आन् एकदा ह्यो, एकदा त्यो असं आवळत गेलो. बोल्टांची टोकं हबला टेकून डिस्कला भाईर रेटाय लागली आन् ठाण्णदिशी सुटली. "सुटली रं!" दाजी लहान पोरागत हसलं. दुसरीबी तशीच काढली, म्हसवडातनं आणलेल्या नव्या बसवल्या.

बयाक्का कवाच तयार. ठेवणीतलं इरकल नेसून, नारळ घिऊन उंबऱ्यात बसली हुती.

"ब्रेक बघतो, एक चक्कर मारून येतो," म्हणत राजवर्धन गेला.

ऊन कललं तरी पत्त्या न्हाई. मग माझा फोन वाजला. गडी मुंबईच्या वाटंवर, पार शिरवळात! "मामा, मी निघालो पुढं. सुट्टी संपली. गाडीत मेंढरांचा वास लय मारतोय, आयेला पुढच्या खेपेला नेतो." फोन कट.

बॅग कवा गाडीत टाकली हुती कुणाला ठावं. गरज सरो, वैद्य मरो! समोर असता तर कानाखाली वाजवली असती.

बयाक्काला सांगितलं. तिनं नारळ आत नेऊन ठेवला आन् लुगडं बदलाय गेली.

दाजी फडक्यानं बोटं पुशीत बसलं हुतं. म्हणालं, "जोतीराम, ब्रेक नीट लागतोय का, तेवढं इचारायचं हुतंस रं."