फुग्याच्या रेंजवर लागलेलं लग्न

आमच्या पाड्यावर फोन लागत नाही, हे नोकरीवर रुजू होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. मोखाड्याहून जीप, मग अर्ध्या तासाचा चढ, आणि वर शाळा. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात चार-पाच इंजिनियर टेकडीवर एक पांढरा, लांबोडका फुगा दोराने बांधून उडवायला आले, तेव्हा चहाची किटली घेऊन सगळ्यात आधी मीच पोचले.

त्यांचा प्रमुख बोलका होता. म्हणाला, ही नुसती रंगीत तालीम. खरी एअरशिप ढगांच्या, विमानांच्याही वर जाऊन महिनोन्महिने एका जागी थांबेल. पोटाखाली फोनचं यंत्र, पाठीवर दुर्बीण. तिथली हवा इतकी विरळ, की तारे लुकलुकतही नाहीत. मला तारे लुकलुकले तरी चालतात. या तालमीच्या फुग्यानेही माझ्या मोबाईलवर चार दांड्या उमटल्या, आणि मी त्या माणसाला आणखी एक कप ओतला.

शाळेशेजारच्या घरात मात्र वेगळाच घोर होता. आमच्याकडे पुष्कळ जोडपी आधी संसार मांडतात, लग्न जमेल तेव्हा. पण आईबापांचं लग्न लागल्याशिवाय लेकीला हळद लागत नाही. शेजारणीचं राहूनच गेलेलं. म्हणून आधी आईचं, दुसऱ्या दिवशी लेकीचं, एकाच मांडवात, असा बेत ठरला. आणि गाणी म्हणत, देवांना बोलावत लग्न लावणारी धवलेरी नेमकी पाय मोडून तिच्या गावी, दाभोशाला, पडून होती. लग्नसराईत दुसरी मिळेना. झोळीतून आणू म्हटलं, तर तिचा निरोप आला, "झोळीत दवाखान्यात जातात, लग्नाला नाय."

शेजारीण रडकुंडीला आली. "बाई, माजां नाय लागलां तर पोरीचां कसां लागंल?"

"फोनवर लावू," मी बोलून बसले. माझं तोंड आधी चालतं, डोकं मागून येतं.

दाभोशाला रेंज असते. धवलेरीला फोन लावला. ती म्हणाली, "देव काय जीपनं येतात? बोलावलां का येतील."

लग्नाच्या सकाळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहिला. त्याच्यापुढे मी फोन उंच धरून उभी. नवरदेवाचे, म्हणजे लेकीच्या बापाचे, कान लाल झालेले, लेक आईच्या मागे उभी राहून हसू दाबत होती. धवलेरी दाभोशातून एक ओळ म्हणे, इकडे बायका ती उचलून धरत. माझा दंड भरून आला होता, पण ऐट कमी झाली नव्हती.

तेवढ्यात प्रमुख धापा टाकत आला. वारा वाढलाय, फुगा उतरवावा लागेल.

"पाच मिनिटं!"

"बाई, दोर तुटला तर फुगा गुजरातेत सापडेल."

तो धावत परत गेला, आणि थोड्याच वेळात ओळ अर्ध्यात तुटली. बायकांनी ती अर्धीच म्हटली. पुन्हा म्हटली. पुढची ओळ धवलेरीने द्यायची असते, आपण होऊन कोण देणार? सगळे फोनकडे नाही, माझ्याकडे बघत होते. शेजारणीचे डोळे भरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मागून पुढची ओळ आली. लेक म्हणत होती. प्रत्येक लग्नात बायकांच्या मागे बसून तिने ते ऐकलं होतं. आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. बायकांनी ओळ उचलली. आईचं लग्न लेकीने लावलं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला, फुगा चढला, आणि लेकीचं लग्न धवलेरीने फोनवरून बिनघोर लावलं. आदल्या दिवसाचं तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. पण ते मनातून जाईना. आठवड्याने नारळ आणि लुगडं घेऊन दाभोशाला गेले आणि सगळं ओकले.

ती म्हणाली, "फोन टुंटुं करीत व्हता. मी ध्यान नाय दिला. देवांना बोलावलां का गाणां अर्ध्यात टाकत नाय. शेवटपर्यंत गायली."

म्हणजे इकडे कुणी ऐकत नसताना ही बाई मोडका पाय पसरून एकटीच गात राहिली होती. मला रडूच फुटलं.

तिने विचारलं, "पोरीनं कोणच्या ओळीपासून धरलां?"

मी अडखळत सांगितलं. तिने बोटांवर हिशेब केला.

"मंग शेवटाला आमी दोघी संगतीच पोचलों."