कोपर बरगडीला लावून

मांजरसुंब्याच्या चौकात स्कूटी घसरली आणि माझा उजवा हात कोपरापाशी मोडला. नेकनूरला आमचं किराणा दुकान. नवरा शाळेवर मास्तर, त्यामुळं सासरे गेल्यापासून गल्ल्यावर मीच बसायची. "तुमचा हात बरा होईस्तोवर मी बघतो, वैनी," म्हणत धाकटा दीर तिथं बसला, तो बसलाच. प्लास्टर निघालं तरी उठायचं नाव न्हाई!

बीडच्या फिजिओथेरपीवाल्या पोरीनं हातात एक किलोचं डंबेल दिलं. तळहात पुढं, कोपर बरगडीला चिकटलेलं, मनगट ताठ. वजन सावकाश खांद्यापर्यंत आणायचं आणि त्याहून सावकाश खाली न्यायचं. एवढंच. पण अर्ध्यात आलं की हात लटलट कापायचा. साखरेची पोती सरकवणारी बाई मी, आणि एक किलोपुढं हात टेकायचे? लई संताप यायचा. मग मी कंबर मागं टाकून, झोका देऊन डंबेल वर फेकायची. नवरा वाहवा करायचा. पुढच्या खेपेला त्या पोरीनं बघितलं आणि म्हणाली, "काकू, हे तुमी कमरेनं उचलताय. दंडाला कामच न्हाई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण खरंच होतं ते. घरी येऊन स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकवली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

दीर जेवायला आला की दारात उभा राहून दात काढायचा. "काय वैनी, पोलीस भरतीला निघालात का? कावून जिवाला त्रास देता? आराम करा की आता."

आराम! प्लास्टरात असताना डाव्या हातानं भाकरी थापत होते, तेव्हा याला माझा आराम आठवला न्हाई. नवऱ्याला म्हणलं, तुमी बोला की भावाला. तर म्हणे, "घरातल्या घरात कशाला तमाशा?" त्या दिवशी मी भाजीत मीठच घातलं न्हाई, मुद्दाम. दोघांनी गुमान खाल्लं.

शेवटी एका सकाळी डंबेल न कापता खांद्यापर्यंत आलं, तसंच खाली गेलं. पदर खोचला आणि तडक दुकानात गेले. गिऱ्हाइकं उभी होती.

"भावजी, हात बरा झालाय. उठा."

तो हसला. तेलाच्या भरल्या डब्याकडं बोट दाखवून म्हणाला, "तेवढा उचलून दाखवा, मग बसा."

माझं डोकंच सणकलं. "अगोदर तुमी उचला. आत्ता, सगळ्यांसमोर."

"माझं काय काम? हमाल येतोय की."

"मग गल्ल्यावर हमालालाच बसवू का?"

गिऱ्हाइकं खो खो हसली. दीर तोंड पाडून उठला आणि मी बसले. रात्री नवरा म्हणाला, "लोकांदेखत कशाला बोललीस त्याला?" दिराशी माझं आता बरं हाय. नवऱ्याशी अजून मी धड बोलत न्हाई.