वाळूत पुरलेलं मटण

मुलीची सोयरीक पक्की करायला आलेल्या पाहुण्यांच्या हातात मी जेवणाच्या ताटाआधी खोरं दिलं. उमरग्यात असं याआधी कुणी केलं नसावं.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि मला वाळवंटाचं वेड आहे. प्रत्यक्ष वाळवंट मी पाहिलेलं नाही. (एकदा राजस्थानला निघालो होतो, पण नेमका ह्यांच्या टायरच्या दुकानात माल यायचा होता. वाळवंट पळून जात नाही, असं हे म्हणाले. ते अजून पळालेलं नाही आणि आम्हीही अजून गेलेलो नाही.) पुस्तकं मात्र कपाटभर. उंटांच्या तांड्यासोबत महिनोन्‌महिने चालणारे प्रवासी, नकाशावरची कोरी जागा भरायला निघून तहानेनं अर्ध्यातून परतलेले शोधक, शेळीच्या केसांच्या तंबूत राहणाऱ्या टोळ्या, त्यांची गाणी, त्यांच्या विहिरी, त्यांची भांडणं हे सगळं मला आमच्या गल्लीपेक्षा जास्त ठाऊक. वाळूवरच्या लाटा बघून वारा कुठून वाहिला ते मी सांगू शकते. उमरग्याच्या बसस्टँडवर सोलापूरची गाडी कुठं लागते, ते मात्र अजून दर वेळी विचारावं लागतं.

तर आमच्या ऋतुजासाठी अणदूरचं स्थळ आलं होतं. मुलगा अभिजित, पुण्यात नोकरीला, घरी बागायत शेती. बघण्याचा कार्यक्रम होऊन गेला होता. त्या दिवशी दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं, तर दोघं एकमेकांच्या ऑफिसच्या वेळा विचारून खाली आली. तरी ऋतुजाला मुलगा आवडलाय हे मी ओळखलं होतं, कारण ‘मला काय, तुम्ही ठरवाल तसं’ हे ती दिवसातून चारदा सांगायला लागली होती. तिकडून मात्र होय नाही की नाही नाही. शेवटी निरोप आला की रविवारी आई-वडील मुलासह बोलायला येतायत, दुपारी जेवायलाच.

नेमकं त्याच आठवड्यात मी वाळवंटातल्या लोकांच्या पाहुणचारावरचं एक जाडजूड पुस्तक वाचत होते. त्यात एक प्रकरण होतं. वाळूत खड्डा करायचा, त्यात लाकडं जाळून निखारे करायचे, मसाला लावलेलं मटण झाकणबंद भांड्यात घालून निखाऱ्यांवर ठेवायचं, वरून पत्रा, पत्र्यावर वाळू. चार-पाच तासांनी उकरायचं. मटण हाडावरून आपोआप सुटतं आणि पाहुणा जन्मभर यजमानाचं नाव काढतो. हे शेवटचं तर अगदी खरं निघालं.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, घरात कुकर आहे. माझ्या सासूबाई निवडणं टिपणं करत बसल्या होत्या. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“मटण चुलीवर शिजतंय की. पुरायचं ते माणूस मेल्यावर.”

मी त्यांना समजावलं की हजारो वर्षं लोक असं शिजवत आलेत. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडं चुली नसतील. मग निदान अर्धं मटण चुलीसाठी वेगळं काढ, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. मी सगळंच्या सगळं भगुल्यात घातलं. वाळवंट पार करायला निघालेला माणूस मागं परतीचं पाणी ठेवत नाही. (पुढं त्या पुस्तकात तो माणूस वारला. पण ते प्रकरण मी तोवर वाचलं नव्हतं.)

वाळूचा प्रश्नच नव्हता. आमच्या शेजारी हनीफभाई वरचा मजला बांधत होते आणि दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत त्यांची वाळू पडलेली होती. रझिया भाभींनी आनंदानं परवानगी दिली, मसाला वाटायला हातही लावला. लक्ष ठेवायला कुणी हवं का, असं विचारलं. मी म्हटलं, हीच तर यातली गंमत, लक्ष ठेवावंच लागत नाही. मग त्या घरच्या सगळ्यांना घेऊन बहिणीकडं निघून गेल्या. मी भगुल्याचं झाकण कणकेनं लिंपलं, वाळूतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर ठेवलं, वर ओलं पोतं आणि पत्रा टाकला आणि वरून वाळू इतकी सफाईनं सारखी केली की खाली काही आहे अशी कुणाला शंकाही येऊ नये.

पाहुणे वेळेवर आले. अभिजितचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणतात, मोजकं बोलणारे गृहस्थ. आई तर त्याहून मोजकं. पाणी झालं, सरबत झालं आणि बोलणं खुंटलं. ह्यांनी पावसाचा विषय काढला, तो जानेवारीत किती चालणार! मग मी सूत्रं हातात घेतली. वाळवंटात दाराशी आलेल्या माणसाला तीन दिवस कामाचं विचारत नाहीत, शत्रू असला तरी आधी जेवू घालतात, हे मी रंगवून सांगत होते. मधेच बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. मग काहीतरी भरभरून ओतल्याचा. ह्यांनी मान वर केली. मी म्हटलं, गावात जिकडंतिकडं बांधकामं निघालीत, आणि पुढं बोलत राहिले.

जेवायची वेळ झाली. भांडं उकरण्याचा सोहळा पाहुण्यांसमोरच व्हावा अशी माझी योजना होती, म्हणून सगळ्यांना घेऊन मी बाहेर आले. सकाळी गुडघाभर उंचीची वाळू होती तिथं आता डोंगर उभा होता. रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टरवाला निघायच्या बेतात होता. त्याला हनीफभाईंनी फोनवर सांगितलं होतं, आधीच्या वाळूवरच टाक, इकडंतिकडं पसरू नको. बिचाऱ्यानं तंतोतंत तसं केलं होतं.

 मग तात्यांनी त्या डोंगराकडं बोट केलं.

“मटण ह्याच्या खाली हाय?”

“व्हय,” हे म्हणाले.

“सगळं?”

“सगळं.”

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, असं मला तेव्हा फार वाटलं.

पण मी डगमगले नाही. वाळूखाली गडप झालेली अख्खी शहरं लोकांनी शोधून काढलीत, मटण काय चीज आहे. पलीकडची बाभूळ आणि आमचं न्हाणीघर यांच्यामधली रेघ धरून मी जागा दाखवली. हे खणायला लागले. तिथं काही नव्हतं. मी दुसरी जागा दाखवली. तिथं हनीफभाईंची हरवलेली थापी सापडली. ह्यांची खणण्याची पद्धत तात्यांना बघवेना. विहिरी खणलेला माणूस तो. त्यांनी जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं आणि मी पुढं केलेलं खोरं घेतलं. वडील खणतायत म्हटल्यावर अभिजितनं घमेलं उचललं. ऋतुजानं पदर खोचला आणि ती भरलेली घमेली ओढायला लागली.

मी ढिगाच्या माथ्यावर उभी राहून दिशा दाखवत होते, म्हणून खालचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. अभिजितनं हळूच विचारलं, की तुमच्या आई नेहमीच असं करतात का?

“नाही,” ऋतुजा म्हणाली. “ह्याच्याआधी समुद्र होता. तेव्हा पप्पांच्या ट्यूबा घेऊन तलावात तराफा सोडला होता.”

“मग?”

“मग पप्पा पोहायला शिकले.”

तो इतका हसला की हातातलं घमेलं पुन्हा ढिगावरच सांडलं. त्यानंतर ती दोघं खणत कमी होती आणि बोलत जास्त. मला रागवावंसं वाटलं, पण माझा तसा अधिकार राहिला नव्हता. मुलाची आई मात्र सासूबाईंनी दिलेल्या खुर्चीवर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. संपलं, मी मनाशी म्हटलं. पोरीचं लग्न मी पातेल्यासकट पुरलं.

अखेर तात्यांच्या खोऱ्याखाली ठण्ण वाजलं. जागा मी दाखवलेल्या सगळ्या जागांपासून सारख्याच अंतरावर होती. पत्रा वजनानं आत दबला होता, झाकण एका बाजूनं उचकटलं होतं. पण वास असा सुटला की गंमत बघायला थांबलेला ट्रॅक्टरवालाही खाली उतरला. त्यालाही पंगतीला बसवलं.

वरचा थर काढून टाकला, खालचं वाढलं. भाकरीबरोबर पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला आणि पंगतीतून एकच आवाज उमटला, कर्र.  सगळे मुलाच्या आईकडं बघत होते. त्यांनी घास शांतपणे संपवला, पाण्याचा घोट घेतला आणि त्या दिवसातलं पहिलं पुरं वाक्य बोलल्या.

“मटण शिजलंय लई झ्याक. बांधकाम तेवढं जास्ती झालंय.”

आधी तात्या हसले, मग सगळेच. मघापासून त्या पदराआड हसूच दाबत होत्या, हे मला तेव्हा कळलं. खळखळून चुळा भरल्यावर तात्यांनी सुपारी मागितली आणि बोलणी अंगणातच पक्की झाली. कुणीही आत जाऊन बसलं नाही, कारण प्रत्येकाच्या अंगावरून वाळू गळत होती.

साखरपुड्याआधी आम्ही अणदूरला जेवायला गेलो. त्यांचे झाडून सगळे भाऊबंद जमले होते. विहीणबाईंनी दारातच माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “या, बिनघोर बसा. आमच्याकडं सगळा सैपाक जमिनीच्या वरच असतोय.”

ओसरीवर हशा पिकला. ज्यांनी वाळवंटावर एक ओळ वाचलेली नाही, त्यांच्या हसण्याचं काय मनावर घ्यायचं? मी मान ताठ ठेवून ताटावर बसले, आणि पहिला घास मात्र अगदी सावकाश, दाताखाली चाचपत चावला.