काचेतली टोपी

संग्रहालयात काचा बसवणाऱ्याला एकदा माझ्यासमोर उभं करायला हवं. आत मडमेची जुनी टोपी, आणि दिसतं काय, तर आपलंच तोंड. पाटीवर मडमेचं नाव आहे, तिच्या नवऱ्याचा हुद्दासुद्धा आहे. रिबिनीला एवढ्या बारीक चुण्या घालून ही टोपी शिवली कोणी, ते मात्र कुठेच नाही. टोप्या काय झाडाला लागत होत्या?

सोबत आलेल्या शेजारच्या फिलोमिना आंटींपाशी मी कुरकुरले. त्यांची आई पुण्याच्या कॅम्पात मडमांसाठी टोप्या शिवायची. आंटी म्हणाल्या, "कड सरळ आली का ते बघायला आई टोपी माझ्याच डोक्यावर ठेवायची. पण आधी आरसा भिंतीकडे फिरवायची. म्हणायची, गिऱ्हाइकाची वस्तू आहे, तुझा जीव जडायला नको."

मला आणखीच चीड आली, त्या आरशाची, या काचेची, सगळ्याचीच. "आंटी, जरा बाजूला सरका, इथून काही दिसत नाही," मी म्हटलं.

त्या सरकल्या नाहीत. गुडघ्यांत थोड्या वाकल्या, तसं काचेतलं त्यांचं तोंड बरोबर टोपीखाली आलं. मग त्यांनी हनुवटी जराशी वर केली.