पाटी लावून येणारा दुश्मन

शालिकभाऊ कॉम्प्युटरवरच्या विमानांना शिव्या द्यायचा. तेही दूरच्या, ठिपक्याएवढ्या विमानांना. "कोसावरचं विमान एवढं मोठं दिसते काय बे? हे विमान हाये का भोपळा?"

मोहर्लीच्या जंगलात तो पर्यटकांना वाघ दाखवणारी सफारीची जिप्सी चालवायचा. पावसाळ्यात जंगल बंद झालं, की चंद्रपूरला माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात हवाई लढाईचा गेम खेळत बसायचा. त्या गेममध्ये दूरच्या विमानावर नाव आणि अंतर दाखवणारी पाटी लावता येते. मी ती लावली, की हा माझा हात झटकायचा. "दुश्मन काय पाटी लावून येते? वाघाच्या गळ्यात पाटी रायते का?" आणि मग ठरलेलं वाक्य: "दिसलं नाई म्हंजे नाई, असं नसते बाबू." पर्यटकांनाही तो हेच ऐकवायचा. ठिपका मात्र नेहमी त्यालाच आधी दिसायचा, आणि त्याचा तो माज माझ्या डोक्यात जायचा.

गेल्या पावसाळ्यात तक्रार उलटली. "अपडेटनं वाट लावली. ठिपका बारीक करून ठेवला." मी मागे उभा होतो, स्क्रीनच्या डाव्या कडेचं विमान मला स्वच्छ दिसत होतं.

"ते काय डावीकडे!"

"कुठी? तुह्यं मॉनिटरच भंगार हाये."

मी मॉनिटर बदलला. तरी तेच. शेवटी म्हणालो, "शालिकभाऊ, डोळे दाखव." तो असा भडकला, की शेजारचा चहावाला डोकावून गेला. "माह्ये डोळे? झुडपातला वाघाचा कान दिसते मले! अन् डॉक्टरनं गाडी चालवू नको म्हटलं, तं जिप्सी काय तुहा बाप चालवन?"

म्हणजे शंका त्यालाही होती! मग मीही सोडलं नाही. "दिसलं नाही म्हणजे नाही, असं नसतं," त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं. तो चपला घालून निघून गेला.

जंगल उघडलं. वाघाला बघून चितळ कुठे ओरडतंय ते ऐकून तो वाघाकडे गाडी न्यायचा, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. मग एका सकाळी डावीकडून सांबर धावत आलं. गाईड ओरडला, तोवर उशीर झाला होता. दचकून शालिकभाऊने जिप्सी सागाच्या झाडावर घातली. मागे बसलेल्या बाईंचा हात मोडला.

तपासणीत शालिकभाऊला काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, आधी आले असते तर बरीच वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. माझं डोकं फिरलं. "घाल आता अपडेटला शिव्या!" मी दवाखान्यातच ओरडलो. वहिनी रडायला लागल्या, म्हणून गप्प बसलो. आजही तो प्रसंग आठवला, की मुठी वळतात. नोकरी जाईल म्हणून नजर घालवली, आणि शेवटी दोन्ही गेलं.

यंदा पाऊस लागल्यावर तो पुन्हा आला, मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून. खुर्चीत टेकला. मी गेम लावून दिला. मग हळूच म्हणाला, "पाटी लाव."

मला इतका संताप आला, की कीबोर्ड फेकावासा वाटला. "भांड ना शालिकभाऊ! शिव्या दे ना!"

"लाव म्हणलं ना बाबू."

मी पाटी लावली. तो स्क्रीनच्या उजव्या भागाकडेच बघत राहिला. दुश्मन डावीकडून येत होता, डोक्यावर नाव लिहून.