साहेबापुढं थांबणारा हात

आमचे मालक इंग्रजांच्या फौजेतून, लढाई संपल्यावर धडधाकट परतले. म्हणजे मला तसं वाटलं. थोड्याच दिवसांत त्यांचा उजवा हात बसल्याजागी थरथरू लागला, चालही बारीक पावलांची झाली. आमच्या बेंबळी गावातल्या बायका म्हणाल्या, तुळजापूरची आई अंगात येतेय. एकीनं तर येऊन त्यांना कुंकूच लावलं. मीही हात जोडले. कुणाचं खरं मानावं तेच कळत नव्हतं.

घरात नांगर धरणारं दुसरं कुणी नव्हतं. अपंग शिपायाची पेन्शन मिळाली तरच चूल पेटणार होती. तपासणी सोलापूरला, निजामाच्या हद्दीपलीकडं. शेजाऱ्याची बैलगाडी मागून मी त्यांना घेऊन गेले.

फौजी डॉक्टर आत आला मात्र, हे खाडकन उठून ताठ उभे राहिले. हात मांडीला चिकटलेला, बोटसुद्धा हलेना! मी डोळे फाडून बघत राहिले. साहेबानं बसायला सांगितलं, हे बसेनात. शेवटी दुभाषी मला म्हणाला, "बाई, तुमचा माणूस ठणठणीत हाय. पेन्शन न्हाय मिळायची."

बाहेर लिंबाखाली टेकतात न टेकतात तोच हात पुन्हा सुरू. मी धावत जाऊन डॉक्टरला बोलावलं. तो बिचारा आलाही. त्याला बघून हे पुन्हा ताठ, हात पुन्हा गप्प. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

"मुद्दाम करता का वो?" गाडीत मी विचारलं.

"साहेबापुढं बसून ऱ्हाऊ व्हय? आन् हात म्या न्हाय थांबवत. त्यो आपुआप थांबतो."

घरातला हात खरा की तिथला, या विचारानं माझं डोकं भणभणायचं. गावात लोक उघड म्हणू लागले, सोंग हाय. कधी कधी मलाही तसंच वाटायचं, आणि लगेच स्वतःचीच चीड यायची.

पुढं मी एक युक्ती काढली. ताक सांडायला लागलं की म्हणायचं, "साहेब आले." ते उठून उभे राहायचे, हात थांबायचा, तेवढ्यात मी फुलपात्र त्यांच्या तोंडाला लावायची. दोघंही हसायचो.

एका सकाळी मी म्हणाले, "साहेब आले." ते भिंतीला धरून कसेबसे उठले. हात मात्र हलतच राहिला. त्यांनी हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आता न्हे मला सोलापूरला," ते म्हणाले.

पण तोवर हद्दीवर रझाकार आले होते, आणि सोलापूरची वाट बंद झाली होती.